टायटस सॉल्ट

यंत्रमागाचा खडखडाट तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत राहणाऱ्या मुलांना तर त्या आवाजातच झोप लागते. 'ताना-बाना' हा शब्दही तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहे. मराठीत त्यालाच ताणा आणि बाणा म्हणतात. मागावर लांबीने ताणून बसवलेले सूत म्हणजे ताणा आणि धोट्याबरोबर इकडून तिकडे आडवे धावणारे सूत म्हणजे बाणा. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण या पाठात त्यांचे काम पडणार आहे. ज्या माणसाची ही हकीकत आहे, त्याचे भाग्य एका नव्या प्रकारच्या बाण्यामुळे उजळले. त्या भाग्यातून इंग्लंडमध्ये गिरणी कामगारांचे एक अख्खे गाव उभे राहिले.

त्या माणसाचे नाव टायटस सॉल्ट. इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशर नावाचा परगणा आहे. तेथे लीड्स शहराजवळच्या मॉर्ली या गावी २० सप्टेंबर १८०३ रोजी त्याचा जन्म झाला. वडील डॅनियल सॉल्ट यांनी आधी व्यापार केला, मग काही वर्षे शेती केली. शेतीत जम बसेना, तेव्हा १८२२ मध्ये ते कुटुंबासह ब्रॅडफर्ड शहरात आले आणि लोकरीचा व्यापार करू लागले. टायटस तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून त्याला सरळ गादीवर बसवले गेले नाही. दोन वर्षे तो दुसऱ्याच्या गिरणीत लोकरीचे काम शिकला. लोकर हातात घेऊन तिची लांबी, जाडी आणि मऊपणा पारखायचा आणि प्रतीप्रमाणे वेगवेगळे ढीग लावायचे, हे त्याचे रोजचे काम. दिसायला हे काम सोपे वाटते. पण बोटांना लोकर कळू लागायला फार दिवस लागतात. पुढे टायटसच्या हातून जे मोठे काम झाले, त्याची तयारी याच दोन वर्षांत झाली असे मला वाटते.

१८२४ मध्ये तो वडिलांच्या धंद्यात भागीदार झाला. त्या सुमारास रशियातील डॉन नदीच्या भागातून एक लोकर येत असे. ती जाडीभरडी आणि गुंतलेली होती. ब्रॅडफर्डचे सूतवाले तिला हात लावायला तयार होईनात. टायटस यांनी ठरवले, की कोणी कातत नसेल तर आपणच कातून दाखवू. त्यांनी एक गिरणी भाड्याने घेतली आणि त्या लोकरीचे चांगले सूत काढून दाखवले. अशा रीतीने लोकर विकणारे सॉल्ट हे गिरणीमालक झाले. १८३० मध्ये कॅरोलाइन व्हिटलम या मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अकरा मुले झाली. या मुलांची नावे पुढे आपल्याला एका वेगळ्याच ठिकाणी भेटणार आहेत.

आता त्या नव्या बाण्याची गोष्ट. १८३६ साली सॉल्ट लिव्हरपूल बंदरात गेले होते. तेथील एका गोदामात तीनशेच्या आसपास गाठोडी धूळ खात पडली होती. त्यांत दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून आलेली अल्पाकाची लोकर होती. अल्पाका हा उंटाच्या कुळातील, पण मेंढीहून थोडासाच मोठा असा प्राणी. तो अँडीज पर्वताच्या थंड पठारांवर राहतो. त्याचे केस लांब, गुळगुळीत आणि चमकदार असतात. नेमका हा गुळगुळीतपणाच अडचणीचा होता, कारण मेंढीच्या लोकरीसाठी केलेल्या यंत्रांवर ते केस नीट कातले जात नसत. सॉल्ट यांच्याआधीही काही जणांनी प्रयत्न केले होते, पण त्यांचे कापड बाजारात चालले नाही. म्हणून गाठोडी तशीच पडून होती.

सॉल्ट यांनी थोडी लोकर बरोबर नेली. या फंदात पडू नकोस, असे घरच्यांनी आणि मित्रांनी त्यांना परोपरीने सांगितले. सॉल्ट ऐकून घेत आणि पुन्हा कामाला लागत. ते मुळातच फार कमी बोलणारे होते. ती लोकर त्यांनी धुऊन पाहिली, विंचरून पाहिली, कातून पाहिली. यंत्रांत फेरफार केले. शेवटी त्यांना युक्ती सापडली. ताणा सुताचा, म्हणजे कापसाचा ठेवायचा आणि बाणा अल्पाकाचा. कापसाच्या ताण्यामुळे कापड हलके आणि स्वस्त झाले. वर दिसणाऱ्या अल्पाकाच्या बाण्यामुळे त्याला रेशमासारखी झळाळी आली. मग त्यांनी लिव्हरपूलची ती सगळी गाठोडी विकत घेतली. जो माल कोणाला नको होता, त्याचे कापड इंग्लंडमधील स्त्रिया हौसेने घेऊ लागल्या. राणी व्हिक्टोरियाने विंडसरच्या बागेत अल्पाका पाळले होते. त्यांची लोकरसुद्धा १८४४ मध्ये कापड विणण्यासाठी सॉल्ट यांच्याकडे पाठवण्यात आली. प्रसिद्ध लेखक चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या नियतकालिकात लिव्हरपूलच्या त्या गाठोड्यांची हकीकत गमतीदार रीतीने सांगितली आहे.

पैसा येऊ लागला. पाहता पाहता सॉल्ट यांच्या पाच गिरण्या झाल्या. पण या सगळ्या गिरण्या ज्या ब्रॅडफर्ड शहरात होत्या, ते शहर कसे होते, हे तुम्ही जाणून घेतले पाहिजे. त्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

१८०१ मध्ये ब्रॅडफर्डची वस्ती सुमारे १३,००० होती. १८५१ मध्ये ती एक लाखाच्या वर गेली. पन्नास वर्षांत आठपट माणसे झाली, पण त्यांच्यासाठी घरे, पाणी, गटारे यांची व्यवस्था कोणी केली नाही. दोनशेहून अधिक धुराडी दिवसभर काळा धूर ओकत. गावातला ओढा गिरण्यांच्या सांडपाण्याने आणि मैल्याने भरून वाहत असे. घरे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बांधलेली होती. मागे खिडकी नाही, वारा नाही. काही कुटुंबे तर तळघरांत राहत. लोकर विंचरणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट. लोकर विंचरायच्या फण्या तापवाव्या लागतात. त्यासाठी कोळशाची शेगडी रात्रंदिवस घरात पेटलेली असे. त्याच खोलीत काम, त्याच खोलीत स्वयंपाक आणि त्याच खोलीत बायकामुलांची झोप. अशा हवेत लहान मुले जगत नसत. ज्यांच्या हातून सुंदर चमकदार कापड तयार होत होते, ती माणसे अशी राहत होती.

१८४८ मध्ये सॉल्ट शहराचे महापौर झाले. दुसऱ्याच वर्षी ब्रॅडफर्डमध्ये कॉलऱ्याची साथ आली. तिच्यात चारशेहून अधिक माणसे दगावली. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे तेव्हा बहुतेक डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. दुर्गंधीमुळे रोग होतात अशी समजूत होती. कारण चुकीचे असले तरी घाण आणि रोग यांचे नाते लोकांना दिसत होते. सॉल्ट यांनाही ते दिसले. धूर कमी करणारे एक यंत्र त्यांनी आपल्या गिरण्यांना बसवले आणि इतर मालकांनीही ते बसवावे म्हणून खटपट केली. पण इतर मालकांनी दाद दिली नाही. यंत्राला पैसे पडणार होते आणि धूर काही मालकांच्या घरात जात नव्हता.

सॉल्ट यांची पन्नाशी जवळ आली होती. गिरण्या विकून खेड्यात जमीन घ्यावी आणि उरलेले आयुष्य स्वस्थपणे घालवावे, असे त्यांच्या मनात येत होते. तसे त्यांनी केले असते, तर आज त्यांचे नाव तुम्हांला कोणी सांगितले नसते. त्यांनी दुसरेच ठरवले. ब्रॅडफर्डपासून तीनचार मैलांवर, एअर नदीच्या काठी त्यांनी जमीन घेतली. नदी होती, कालवा होता आणि आगगाडीचा रस्ताही शेजारून जात होता. पाचही गिरण्यांचे काम तेथे एकाच छपराखाली आणायचे आणि कामगारांनाही तेथेच वसवायचे, असा हा बेत होता. यात धंद्याचा हिशेबही होता, हे लपवण्याचे कारण नाही. शहराबाहेर जमीन स्वस्त होती, मालाची ने-आण सोपी होती आणि निरोगी कामगार जास्त काम करतो. पण एवढ्याच हिशेबासाठी पुढे त्यांनी जे जे बांधले, ते बांधण्याची गरज नव्हती.

लॉकवुड आणि मॉसन या वास्तुशिल्पकारांनी आराखडे केले आणि विल्यम फेअरबर्न या नामांकित इंजिनिअरने यंत्रांची योजना केली. गिरणीची मुख्य इमारत ५४५ फूट लांब आणि सहा मजली होती. मागांच्या शेडमध्ये १,२०० माग होते आणि रोज ३०,००० वार कापड निघावे अशी योजना होती. तुम्ही कारखान्यात वरून फिरणारे पट्टे आणि दांडे पाहिले असतील. त्यांत कपडा अडकला की माणसाचा हात जातो, कधी जीवही जातो. या गिरणीत पुष्कळसे दांडे जमिनीखालून फिरवले होते. त्यामुळे अपघात कमी, धूळ कमी आणि आवाजही थोडा कमी.

२० सप्टेंबर १८५३ रोजी, सॉल्ट यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, गिरणी सुरू झाली. त्या दिवशी सुमारे साडेतीन हजार माणसांची पंगत गिरणीतच बसली. त्यांत सुमारे २,४०० कामगार होते. जेवणानंतर सर्वांना खास आगगाडीने ब्रॅडफर्डला गाण्याच्या मैफलीसाठी नेण्यात आले. पण कामगारांची घरे मात्र अजून ब्रॅडफर्डमध्येच होती. त्यांना रोज तेथून यावे लागे.

मग गाव बांधायला सुरुवात झाली. नदीचे नाव एअर आणि मालकाचे नाव सॉल्ट, म्हणून गावाचे नाव सॉल्टेअर. १८५४ पासून पुढे सुमारे चौदा वर्षे बांधकाम चालू होते. बावीस रस्ते आणि आठशेहून अधिक घरे झाली. सगळी घरे दगडाची. तुम्ही एखाद्या कामगाराबरोबर त्याच्या घरात शिरलात, तर काय दिसले असते? पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकाची जागा, सामानाची कोठी, खाली तळघर आणि वर झोपायच्या दोन किंवा तीन खोल्या. घरात नळ आणि गॅसचा दिवा. मागे छोटेसे अंगण आणि अंगणात त्या घराचा स्वतःचा संडास. आज हे वाचून तुम्हांला विशेष वाटणार नाही. पण त्या काळी ब्रॅडफर्डमध्ये कित्येक घरांना मिळून एक संडास असे आणि पाणी लांबून आणावे लागे. याच सुमारास, १८५० नंतरच्या दहा वर्षांत, आपल्या मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली. मुंबईच्या चाळींत एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन कुटुंबे, अशी कामगारांची वस्ती पुढे शंभर वर्षे कशी राहिली, हे तुमच्या आजोबांना विचारा.

रस्त्यांना नावे दिली ती घरातल्या माणसांची. कॅरोलाइन रस्ता पत्नीच्या नावाचा. अमेलिया, फॅनी, हर्बर्ट हे मुलांच्या नावांचे. लॉकवुड आणि मॉसन यांच्या नावांचेही रस्ते आहेत. सॉल्ट स्वतः मात्र गावात राहत नसत. त्यांचा मोठा वाडा दूर होता.

घरांबरोबर इतर गोष्टी होत गेल्या. १८५९ मध्ये चर्च झाले. १८६३ मध्ये सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईघर झाले. धुलाईघरात वाफेवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रे होती. घराघरांत दोऱ्यांवर लोंबणारे ओले कपडे सॉल्ट यांना खपत नसत, असे सांगतात. पण बायकांना आपले कपडे चारचौघांत नेऊन धुणे आवडले नाही. धुलाईघर नीट चालले नाही आणि पुढे त्या इमारतीची घरे करण्यात आली. माणसांसाठी काही करायचे, तर आधी त्यांना विचारलेले बरे असते. गिरणीमालकांना ही सवय क्वचितच असे.

१८६८ मध्ये म्हाताऱ्या कामगारांसाठी पंचेचाळीस घरे तयार झाली. तेथे भाडे नव्हते. उलट जोडप्याला आठवड्याला दहा शिलिंग आणि एकट्या माणसाला साडेसात शिलिंग मिळत. इंग्लंडच्या सरकारने म्हाताऱ्यांना पेन्शन देणारा कायदा केला १९०८ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनंतर. दवाखाना झाला. साडेसातशे मुलामुलींची शाळा झाली. शाळेच्या समोर एक मोठी संस्था उभी राहिली. तिच्यात ग्रंथालय, वाचनाची खोली, प्रयोगशाळा, व्यायामशाळा आणि आठशे माणसे बसतील असे सभागृह होते. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी तेथे जाऊन वर्तमानपत्र वाचू शके किंवा व्याख्यान ऐकू शके. या दोन इमारतींच्या पुढे दगडाचे चार सिंह बसवले आहेत. १८७१ मध्ये नदीपलीकडे चौदा एकरांची बाग खुली झाली. दारूचे दुकान मात्र गावात एकही नव्हते. सॉल्ट यांनी ते निघूच दिले नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितली नाही, तर ही हकीकत अर्धीच राहील. सॉल्ट यांच्या गिरणीत लहान मुले काम करत. १८४४ च्या कायद्याप्रमाणे कापडगिरणीत आठ वर्षांच्या मुलाला कामावर ठेवता येत असे. ती मुले अर्धा दिवस यंत्रावर आणि अर्धा दिवस शाळेत अशी विभागलेली असत. यंत्राजवळ सहा तास उभे राहून आलेले मूल शाळेच्या बाकावर काय शिकत असेल, याची कल्पना तुम्हांला करता येईल. शाळेची इमारत सुंदर होती, पण त्या बाकांवर बसणारी मुले थकलेली होती. तुमच्या वर्गातही एखादा मुलगा असतो, जो रात्री कांड्या भरून सकाळी डुलक्या घेतो. त्याला हे जास्त कळेल. त्या काळातील सगळ्याच गिरण्यांत असे चालत असे, हे खरे. पण ज्या माणसाने घरांच्या बाबतीत काळाच्या पुढे पाहिले, त्याने येथे काळाबरोबर राहणे पसंत केले.

कामगारांच्या संघटनाही सॉल्ट यांना मान्य नव्हत्या. आपल्या माणसांचे भले आपणच करू, असा त्यांचा विचार. घर त्यांचे, काम त्यांचे, शाळा त्यांची, बाग त्यांची. मालक चांगला असेल तोवर हे ठीक. पण ज्याच्या हातात माणसाची भाकरी असते, त्याच्याच हातात त्याच्या घराची किल्लीही असली, तर त्या माणसाला मोठ्याने बोलणे कठीण जाते.

तरीसुद्धा कामगारांच्या मनात त्यांच्याविषयी खरा जिव्हाळा होता. १८५६ मध्ये त्यांनी वर्गणी काढून सॉल्ट यांचा संगमरवरी अर्धपुतळा त्यांना भेट दिला. १८५९ मध्ये सॉल्ट ब्रॅडफर्डतर्फे पार्लमेंटमध्ये निवडून गेले, पण भाषणे करणे हा त्यांचा पिंड नव्हता. दोन वर्षांत त्यांनी ती जागा सोडली. १८६९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. इस्पितळे, शाळा, चर्च, अनाथाश्रम यांना त्यांनी आयुष्यभरात अडीच लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. २९ डिसेंबर १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची अंत्ययात्रा पाहण्यासाठी रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे एक लाख माणसे उभी होती असे सांगतात. सॉल्टेअरच्या चर्चला लागूनच त्यांना दफन करण्यात आले. एवढ्या मोठ्या मालकाच्या मागे घरच्यांसाठी फारसा पैसा उरला नव्हता.

त्यांच्यानंतर फॅशन बदलली. अल्पाकाच्या चमकदार कापडाची मागणी घटली, अमेरिकेने बाहेरच्या कापडावर जबर जकात बसवली आणि १८९० नंतर दोनतीन वर्षांतच सॉल्ट कुटुंबाच्या हातून गिरणी गेली. नव्या मालकांनी ती पुढे चालवली. १९३३ मध्ये घरे गिरणीपासून वेगळी होऊन विकली गेली. हळूहळू तेथे राहणारे लोकच आपापल्या घरांचे मालक होऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांना माणसे मिळेनात. तेव्हा १९५० नंतर पाकिस्तान आणि भारत या देशांतून, विशेषतः मीरपूरच्या बाजूने, हजारो तरुण तेथे गेले. गोऱ्या कामगारांना नको असलेली रात्रपाळी त्यांनी केली. सुरुवातीला एकेका लहान घरात दहाबारा जण दाटीवाटीने राहत. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला, की दिवसपाळीचा त्याच अंथरुणावर झोपे. सॉल्ट यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या दाटीतून कामगारांना बाहेर काढले होते, तीच दाटी नव्या माणसांच्या वाट्याला आली. त्यांच्या नातवंडांचे ब्रॅडफर्ड आज वेगळे आहे. तेथील बाजारात तुम्ही गेलात, तर उर्दू बोलून तुमचे काम भागेल.

सॉल्टेअरची गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या उद्योजकाने ती विकत घेतली. जेथे लोकर विंचरली जात होती, तेथे आता चित्रे मांडलेली आहेत. त्यांत ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेले चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची चित्रे पुष्कळ आहेत. २००१ मध्ये युनेस्कोने सॉल्टेअरला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. या यादीत आपला ताजमहाल आहे, अजिंठा आणि वेरूळ आहेत. राजांच्या कबरी आणि साधूंची लेणी असलेल्या यादीत कामगारांच्या घरांची नोंद झाली.

ती घरे रिकामी नाहीत. त्यांत आजही लोक राहतात, दारापुढे कुंड्या ठेवतात, मुले फॅनी रस्त्यावरून आणि हर्बर्ट रस्त्यावरून शाळेत जातात. वर्गातल्या नकाशात इंग्लंड काढा आणि आधी लीड्स शोधा. त्याच्या पश्चिमेला ब्रॅडफर्ड आहे. ब्रॅडफर्डच्या थोडे वर एअर नदी वळण घेत जाते. सॉल्टेअर तेथेच आहे, पण शाळेच्या नकाशात त्याचे नाव छापलेले नसेल. पेन्सिलीने एक ठिपका तुम्हीच द्या.